मिंग सम्राटाचा वारसा



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा पत्रात विषयाची जागा कोरी होती. हमालांच्या संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस किमान वेतनावर, नाहीतर माथाडी कायद्यावर बोलेल, अशी चालकांची अपेक्षा असावी. त्या दोन्ही विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो, आणि ज्यांनी ऐकावे ते नेमके त्या वेळी कचेरीत नसतात. म्हणून आज आम्ही विषय निवडला तो मुलांच्या चित्रकथेतील एका खलपुरुषाचा. काल येथे ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, उद्या कापसावर होणार आहे. मध्येच हा परग्रहावरचा पाहुणा कशाला, असा प्रश्न पुढच्या रांगेतील काही ज्येष्ठांच्या मुद्रेवर आम्हाला दिसतो आहे. थोडा धीर धरावा. पाहुणा वाटतो तितका लांबचा नाही.

आमच्या शाळेचा हिशेब सातवीला मिटला. पुढचे शिक्षण झाले ते बसस्थानकाजवळच्या एका टपरीवर. तेथे दहा पैसे भाड्याने पुस्तक मिळे आणि ते तेथेच उकिडवे बसून, कोपरे न दुमडता वाचून परत करावे लागे. त्या ढिगात ‘इंद्रजाल कॉमिक्स’ असत. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही माला सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. इंग्रजी-हिंदीप्रमाणे ती मराठीतही निघे. तिच्यात मुख्य मान वेताळाचा, त्याच्या खालोखाल जादूगार मँड्रेक, मग फ्लॅश गॉर्डन. आणि १९७६ साली आबिद सुरती यांचा बहादूर आला, तो चंबळच्या डाकूंशी लढू लागला. आमच्या पिढीतील पुष्कळ कामकऱ्यांना वाचनाची गोडी लावली ती या पातळ पुस्तकांनी. पाठ्यपुस्तकांनी ती घालवली होती.

यांतला गॉर्डन हा आकाशातला गडी, आणि त्याचा जन्माचा वैरी म्हणजे मोंगो ग्रहाचा सम्राट मिंग. मिंगची समग्र कथा मात्र आम्ही पुष्कळ पुढे, जुन्या इंग्रजी चित्रपट्ट्यांचे संग्रह शब्दकोश शेजारी ठेवून वाचले तेव्हा जुळली. ७ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकेतील रविवारच्या वृत्तपत्रांत अलेक्स रेमंड या चित्रकाराची ही रंगीत पट्टी सुरू झाली. मोंगो हा ग्रह पृथ्वीवर आदळायला निघाला आहे. झार्कोव नावाचा एक अर्धवेडा शास्त्रज्ञ गॉर्डनला आणि डेल आर्डेन या तरुणीला अग्निबाणात कोंबतो आणि तिकडे झेपावतो. मोंगोवर मिंगची सत्ता. टक्कल, टोकदार भुवया, लोंबत्या मिशा आणि मानेमागे उभी उंच कॉलर. त्याच्या नावामागे ‘निर्दय’ हे बिरुद कायमचे चिकटलेले. तो काळही ध्यानात घ्यावा. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे जवळजवळ एक बेकार होता. अशा घरांत रविवारी सकाळी हे पान उघडले जात असे.

आता मिंग राज्य कसे करी ते पाहा, कारण हा भाग लिहिणाऱ्याला कळून लिहिला गेला की न कळता, हे आम्हाला अजून उमगलेले नाही. मोंगोवर सिंहमानव आहेत, पंख असलेले श्येनमानव आहेत, पाण्यातले मत्स्यमानव आहेत, अरण्यात राहणारे अर्बोरियाचे लोक आहेत. यांतला प्रत्येक समाज मिंगवर दात खाऊन आहे आणि प्रत्येक समाज दुसऱ्यावर त्याहून अधिक दात खाऊन आहे. मिंगला स्वतःला फारसे लढावेच लागत नाही. गॉर्डन येतो आणि काय करतो? तलवार चालवतो, हे खरे. पण त्याचे खरे काम म्हणजे सिंहमानवांच्या थुनला, अर्बोरियाच्या बॅरिनला आणि श्येनमानवांच्या वल्टनला एका बाजूला उभे करणे. हे काम किती चिवट असते ते ज्याने मोंढ्यातील हमाल आणि मापाडी यांची एकत्र बैठक बोलावून पाहिली आहे त्यालाच कळेल. चित्रकथेत ते काही वर्षांत उरकले. आमचे चालूच आहे.

त्यातही आमचे मन गुंतले ते वल्टनच्या नगरीत. ही नगरी ढगांत तरंगते. वरून पाहावे तर मनोरे, गच्च्या, मेजवान्या. पण ती तरंगते कशावर? खाली भट्ट्या आहेत. तेथे उघड्या अंगाने गुलाम फावड्याने इंधन ओतत असतात आणि त्या भट्ट्यांच्या शक्तीवर वरची नगरी अधांतरी टिकून राहते. गॉर्डनलाही तेथे फावडे हातात घ्यावे लागते, आणि शेवटी तो भट्टीच उडवून देतो. नगरी कोसळणार, राजा, कैदी, पहारेकरी सारे एकदमच खाली येणार, अशी वेळ येते तेव्हा झार्कोव नवी शक्ती शोधून ती सावरतो. अर्थशास्त्राचे ग्रंथ आम्ही पुढे आमच्या मगदुराप्रमाणे चाळले. पण वरच्या मजल्याचे ओझे खाली कोणाच्या खांद्यावर असते, हे त्या एका चित्रात जसे दिसले तसे त्या ग्रंथांत दिसायला बरीच पाने उलटावी लागली.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो. १९४१ साली कथेत मिंगची सत्ता उलथली आणि गादी मिळाली ती बॅरिनला, म्हणजे पुन्हा एका राजपुत्रालाच. भट्टीवाल्यांचे पुढे काय झाले, त्यांना रोज किती मिळू लागला, याची वार्ता रेमंडसाहेबांनी दिलेली नाही.

येथवर ही कथा आमच्या बाजूची आहे असे आपणास वाटेल. आता तिची दुसरी बाजू. मिंग हे नाव चिनी आहे. त्या नावाचे राजघराणे चीनमध्ये होऊन गेले. परग्रहावरील सम्राटाला चिनी नाव, चिनी मिशा आणि पहिल्या पट्ट्यांत चक्क पिवळी कातडी कशासाठी? कारण तो साचा तयारच होता. १९१३ साली सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाने फू मांचू नावाचा चिनी खलपुरुष कादंबरीत आणला होता, आणि ‘पिवळे संकट’ हा शब्द तिकडे घरोघरी रुळला होता. मिंगला जन्म देताना चित्रकाराला नवे काही योजावे लागले नाही. ज्याची भीती आधीच पेरलेली होती त्याच्या डोक्यावर त्याने मुकुट ठेवला.

आणि ही भीती होती कोणाची? अमेरिकेत चिनी माणूस कोण म्हणून आला होता? सम्राट म्हणून नव्हे, बिगारी म्हणून. सिएरा नेवाडाच्या डोंगरातून सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे बोगदे खणले ते चिनी मजुरांनी. हजारोंच्या संख्येने ते त्या कामावर होते. गोऱ्या मजुरापेक्षा पगार कमी आणि जोखीम जास्त. जून १८६७ मध्ये त्यांनी काम बंद केले. मागणी साधी होती: गोऱ्यांइतका पगार आणि बोगद्यातले तास कमी. कंपनीने गोळी झाडली नाही. डोंगरात त्यांच्यापर्यंत जाणारा शिधा थांबवला, आणि आठवडाभरात संप मोडला. १८६९ साली लोहमार्ग पुरा झाला. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशाचे दार बंद केले आणि ते १९४३ पर्यंत बंद ठेवले.

या कायद्याच्या पाठीशी कोण उभे होते हे सांगताना आमची जीभ जड होते, पण सांगितले पाहिजे. तेथील कामगार संघटना. आठ तासांच्या दिवसासाठी झगडलेले सॅम्युएल गॉम्पर्स आणि त्यांचा महासंघ चिन्यांच्या बंदीचे कडवे पुरस्कर्ते होते. पगार पाडतो तो मालक. पण राग निघाला तो कमी पगारावर राबणाऱ्या माणसावर. चोर सोडून संन्याशाला सुळी. चिन्यांपुरतेच हे थांबले असते तरी एक. १९०७ साली बेलिंगहॅम या गावी लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या आपल्या पंजाबी मजुरांना गोऱ्या जमावाने झोपड्यांतून ओढून काढले आणि गावाबाहेर हाकलले.

म्हणजे पाहा, बोगद्यात जो मेला, शिधा तोडून ज्याला नमवले, त्याचाच चेहरा दोन पिढ्यांनी जुलमी सम्राटाला चढवला गेला. आणि ज्याने शिधा तोडला त्याचा चेहरा कोणत्याही चित्रकथेत आला नाही. मिंगचा सर्वांत टिकाऊ वारसा आम्ही याला म्हणतो. त्याचे अग्निबाण जुने झाले, किरणशस्त्रे हास्यास्पद झाली. पण जुलूम चेहऱ्यावरून ओळखावा ही सवय मात्र टिकली.

इंद्रजालमधील एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. वेताळाचा देश मूळ इंग्रजीत बंगालच्या नावाशी जुळणारा होता. आपल्याकडे तो ‘डेंकाली’ झाला. त्याच्या वैरी चाच्यांची टोळी मुळात ‘सिंग’ नावाची. ती ‘सिंगा’ झाली. वेताळाच्या बापाचा खुनी ‘रामा’ होता, त्याचा ‘रामालू’ केला. प्रकाशकांनी शहाणपणाच केला. आपले नाव खुन्याला दिलेले कोणाला रुचेल? पण मिंगचे नाव कोणाला खटकले नाही, कारण ते आपले नव्हते. माला निघाली १९६४ साली. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १९६२ च्या युद्धानंतर, पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन कोंडले होते. त्यांत सुतार होते, चांभार होते, धोबी होते, लेकरे होती. माओच्या सैन्याशी त्यांचा संबंध तो काय? चेहऱ्याचा.

मिंगची पिलावळ मोठी आहे. जॉर्ज लुकासला गॉर्डनवर चित्रपट काढायचा होता; हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्याने १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ काढला. १९८० साली गॉर्डनचा नवा चित्रपट आला, त्यात मिंगचे काम एका स्वीडिश नटाने केले. १९८६ च्या एका चित्रमालिकेत मिंगला हिरवा रंग दिला, म्हणजे पिवळ्याचा आळ नको. रंग बदलला, भुवया त्याच.

आपल्याकडचा त्याचा चुलतभाऊ म्हणजे १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’तील मोगँबो. सलीम-जावेद यांनी एक गोष्ट फार चांगली केली, ती म्हणजे त्याला असे नाव दिले की कोणत्याही जातीला, पंथाला ते आपले वाटू नये. सोनेरी केसांचा टोप, बोटांत अंगठ्या, समुद्रातल्या बेटावर सिंहासन. अमरीश पुरी हा नट त्या सिंहासनावर बसण्यापूर्वी वीस वर्षांहून अधिक काळ कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरीला होता. आमच्यासारख्यांच्या आजारपणाचे अर्ज जेथे जातात तेच खाते. मोठी माणसे काम करवून कशी घेतात हे पाहायला ती जागा वाईट नव्हती. त्या चित्रपटात मोगँबोच्या एका शब्दावर त्याचे शिपाई उकळत्या रसायनाच्या कुंडात उड्या घेतात. थिएटरात लोक त्या वेळी मोगँबोकडे पाहतात. आमची नजर त्या शिपायांकडे जाते. या गड्यांना पगार काय असावा? त्यांच्या मागे घरच्यांना कोणी काही दिले असेल काय? त्यांची नावेसुद्धा पटकथेत नाहीत.

आता आपल्या गावाकडे येऊ. येथे आम्ही आवाज थोडा उतरवतो, कारण ज्यांच्या घरांत या गोष्टी घडल्या त्यांची मुले-नातवंडे या मांडवात बसली आहेत.

आपल्या मुलखाने खराखुरा जुलूम पाहिला आहे. निजामाच्या राजवटीच्या अखेरच्या दोन वर्षांत रझाकारांनी गावे लुटली, जाळली. शेजारच्या बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ १९४६ साली गोविंदराव पानसरे यांना ठार मारण्यात आले. बिदरकडच्या गोरटा गावी १९४८ मध्ये काय झाले ते सीमेवरच्या या गावाला वेगळे सांगायला नको. या साऱ्याचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील होता. उंच कॉलर नाही, किरणशस्त्र नाही. जिल्ह्याच्या कोर्टात वकीलपत्र घेणारा माणूस. यातला एक शब्दही आम्ही पुसू इच्छीत नाही.

पण या जुलमाचा चेहरा कोणता? २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर रझाकारांनी हल्ला करून त्यांचा प्राण घेतला. गुन्हा एवढाच की संस्थान भारतात विलीन व्हावे असे त्यांनी लिहिले. निजामाच्या राज्यात कामकऱ्यांच्या संघटना उभ्या करणारे आणि त्यापायी भूमिगत झालेले मखदूम मोहिउद्दीन हेही मुसलमानच. उलट, पलीकडे तेलंगणात वेठबिगारीने रयतेला पिळून काढणारे विसनूरचे देशमुख हिंदू होते. त्यांच्या माणसांच्या गोळीला ४ जुलै १९४६ रोजी दोड्डी कोमरय्या बळी पडले. जुलमाला गादी होती, जहागिरी होती, लेव्ही होती, वेठ होती. धर्म त्याने अंगरख्यासारखा वापरला.

सप्टेंबर १९४८ मध्ये पाच दिवसांत निजामाची फौज शरण आली. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो ते योग्यच आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले, ते आपण झेंडावंदनाच्या भाषणांत सांगत नाही. भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना चौकशीला पाठवले. त्यांचा अहवाल दशकानुदशके दडवून ठेवला होता. २०१३ साली तो अभ्यासकांना पाहायला मिळाला. त्यांच्या अंदाजाने संस्थानात पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर निदान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत अधिक झळ लागलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चौघांत मिळून मृतांचा आकडा त्यांनी अठरा हजारांच्या खाली धरलेला नाही. रझाकार तोवर बव्हंशी पळून गेले होते किंवा तुरुंगात होते. मागे राहिले ते विणकर, तेली, कसाई, मजूर. त्यांचा दोष चेहऱ्याचा.

आणि ज्याच्या नावाने हे सारे राज्य चालले त्या मीर उस्मान अली खान यांना १९५० साली राजप्रमुख नेमण्यात आले. १९५६ साली संस्थानाचे तुकडे होईपर्यंत ते त्या पदावर होते. रझवी येरवड्याला शिक्षा भोगून १९५७ साली सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० साली कराचीत वारला. खालच्या भट्टीवाल्यांवर मात्र नगरी कोसळून गेली होती.

त्याच अहवालात एक नोंद आहे. ती वाचली त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. समितीला असे आढळले की एकमेकांविषयीची आपुलकी एकाच धंद्यातल्या लोकांत अधिक होती. काही गावी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे हिंदू जमावापासून रक्षण केले, आणि त्यासाठी काहींनी स्वतःचा जीवही गमावला. त्यांची संघटना होती की नाही, ते अहवालात नाही. एका मागावर बसणारा माणूस दुसऱ्या मागावरच्या माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाही. हातावरून ओळखतो. त्या विणकरांचे स्मारक या चार जिल्ह्यांत आमच्या पाहण्यात नाही.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वी एका बाजारगावी (नाव घेत नाही) हमालीचे दर वाढवण्याची मुदत आली. दर ठरावीक वर्षांनी वाढतात, आणि त्या वेळी आडत्यांना नेहमीच काहीतरी आठवते. आमच्या तेथील शाखेचे खजिनदार मुसलमान. पंचवीस वर्षे पोत्यावर पाठ झिजवलेला माणूस. हिशेबात पैशाची चूक नाही. बोलणी दोन दिवसांवर असताना मोबाईलवर एक चित्र फिरू लागले. खजिनदारांच्या छायाचित्राला कोणीतरी टोकदार दाढी आणि मानेमागे उंच कॉलर जोडली होती, आणि खाली एकच शब्द: रझाकार. आम्ही ती कॉलर पाहताच ओळखली. जोडणाऱ्याला तिचे मूळ ठाऊक नसावे. साचा हाताशी होता, त्याने वापरला.

संघटना एका रात्रीत दुभंगली. एक गट बोलणीला गेला, दुसरा गेला नाही. आडत्यांनी दोन्ही गटांना मोठ्या प्रेमाने चहा पाजला आणि दर जुनाच ठेवला. असे चौदा महिने गेले. शेवटी आम्ही दोन्ही गटांच्या वह्या एका सतरंजीवर मांडल्या आणि पोत्यामागे कोणाचे किती बुडाले ते मोठ्याने वाचत गेलो. भाषण केले नाही. दोन्ही वह्यांत बुडालेली रक्कम पोत्यामागे सारखीच होती, नवा पैसा इकडे-तिकडे नव्हता. एक म्हातारा मापाडी म्हणाला, “शेठजींनी तरी कोणाच्या दाढीकडं पाहिलं नाही बघा.” लोक हसले, आणि त्या हसण्यात पुढची बैठक ठरली. दर वाढला तो पुढच्या महिन्यात.

चित्र अजूनही कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये आहे. खजिनदार तेच आहेत. आजच्या व्याख्यानात आमचे नाव घेऊ नका, असे त्यांनी बजावले आहे. ते ऐकायला येणार होते, पण हंगाम हरभऱ्याचा आहे आणि रात्रीच्या गाड्या लागल्या आहेत.